दहा गाईंचं कर्ज काढायच्या आधी कानातला बिल्ला बघा

या वेळी इंदापूर तालुक्यातून एका ताईचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून पत्र थोडं कमी करून देतोय.

"डॉक्टर काका, नमस्कार. आमची जमीन दीड एकर आणि तीन एचएफ (होल्स्टीन) गाया. दोन दुधात आहेत, तिसरी सात महिन्यांची गाभण आहे पण चार लिटर देते म्हणून अजून पिळतोय. सगळं मिळून रोज २४ लिटर डेअरीला जातं. दहा दिवसांचा पगार साडेसात हजाराच्या आसपास निघतो, पेंडीचे चार हजार कापून हातात साडेतीन येतात. वैरण मी आणते, धारा मी काढते, पण डेअरीचं खातं सासऱ्यांच्या नावावर आहे. मिस्टर कुरकुंभला कंपनीत आहेत. २०२४ ला सरकारने लिटरमागे पाच रुपये दिले ते गावात पुष्कळांना आले, आम्हाला एक रुपया नाही. माझ्या बहिणीला बीडला निम्म्या किमतीत गाय मिळाली, आम्हाला का नाही? आता एक जण घरी येतोय, म्हणतो नाबार्डचं दहा गायांचं दहा लाखाचं प्रकरण करून देतो, निम्मी सबसिडी, फाईलचे पंधरा हजार आधी द्या. मिस्टर नोकरी सोडायला निघालेत. सासरे नको म्हणतात पण त्यांचं कोणी ऐकत नाही. मागच्या उन्हाळ्यात वैरण-पेंडीला ६० हजार शेकडा दोनने घेतलेत ते पण फिटले नाहीत. काय करू? — एक सून"

ताई, पहिलं सांगतो, ते पंधरा हजार देऊ नका. आज संध्याकाळी तो माणूस येणार असेल तर आजच नाही म्हणून सांगा. बाकी सगळं निवांत वाचलं तरी चालेल.

नाबार्ड कोणा शेतकऱ्याला थेट गाईसाठी कर्ज देत नाही. नाबार्ड बँकांना पैसा पुरवतं, कर्ज आपल्याला आपली बँक देते. तुम्हाला जी योजना सांगितली जातेय ती म्हणजे डेअरी उद्योजकता विकास योजना, २०१० ला आली होती, त्यात साधारण गटाला २५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीला ३३.३३ टक्के सबसिडी होती, निम्मी कधीच नव्हती, आणि ती योजना बंद होऊन आता काही वर्षं झाली. पण तिचे व्हिडिओ अजून मोबाईलवर फिरतात आणि त्यावर लोक फाईलचे पैसे घेतात. आणखी एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, ती सबसिडी शेवटी मिळायची. म्हणजे बँक पूर्ण कर्जाचा बोजा तुमच्यावर टाकणार, सबसिडीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवणार, आणि तुम्ही हप्ते नीट भरत गेलात तर शेवटाला ते कर्जात वळते करणार. हातात रोख काही येत नाही. मी जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरीत असताना एका शेतकऱ्याने अशाच हिशोबात काष्टीच्या बाजारातून एका फेऱ्यात आठ गाई आणल्या, निम्म्या आपल्याला फुकटच पडल्या असं तो धरून चालला होता. पुढच्याच वर्षी, २०१२-१३ ला, दुष्काळ पडला. कडबा मिळेना, दोन गाईंना काससुजी झाली, आणि हप्ता भरायला त्याने एकेक गाय विकायला सुरुवात केली. शेवटच्या दोन गाई राहिल्या तेव्हा मी त्याच्या गोठ्यात गेलो होतो, त्याची बायको गव्हाणीपाशी उभी होती आणि काही बोलली नाही. तुमचं पत्र वाचून मला ती बाईच डोळ्यासमोर आली, म्हणून एवढं तळमळून लिहितोय.

आता तुमचाच हिशोब करू. दहा लाख, ११ टक्क्यांनी, पाच वर्षं, म्हणजे महिन्याला पावणेबावीस हजार हप्ता. गाई भाकड असल्या तरी, आजारी असल्या तरी, भाव पडला तरी. तेरा गाई म्हणजे रोज सव्वातीनशे किलो हिरवा चारा लागणार आणि हजार लिटर पाणी. दीड एकरात घरचं पीक काढून एवढा चारा निघत नाही ताई, विकत घ्यावा लागेल. साखर कारखाने चालू आहेत तोवर उसाचे वाढे मिळतात, पण गाळप संपलं की एप्रिल-मे मध्ये काय घालणार? आणि ही सगळी वैरण कापायला, शेण काढायला, तेरा गाईंच्या धारा काढायला तुम्ही एकट्या. मिस्टरांची नोकरी गेली की घरातला एक तारखेला येणारा पगार गेला आणि बँकेला दाखवायचं उत्पन्नही गेलं. सासरे नको म्हणतायत ते बरोबर म्हणतायत, मिस्टरांना त्यांच्यापाशी बसवा आणि हा हिशोब वाचून दाखवा.

बहिणीचं विचारलंत, तर तिथे तुमची काही चूक नाही. बीडला जी गाय मिळाली ती बहुतेक विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पातली असणार, तो प्रकल्प फक्त तिकडच्या १९ जिल्ह्यांसाठी आहे, पुणे जिल्हा त्यात नाही. राज्यात पशुसंवर्धन खात्याची दोन दुधाळ जनावरांच्या गटाची योजना असते, अनुदान सर्वसाधारण गटाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीला ७५ टक्के, पण काही योजना राज्यस्तरावरच्या असतात, काही जिल्हा वार्षिक योजनेतल्या, आणि कुठली योजना कुठल्या जिल्ह्यात कुठल्या गटाला चालू आहे ते बदलतं. म्हणून महा-बीएमएसच्या (पशुसंवर्धन खात्याच्या अर्जांच्या) साईटवर फॉर्म भरण्याआधी पंचायत समितीतल्या पशुसंवर्धन विभागात जाऊन विचारायचं की आमच्या तालुक्यात, आमच्या प्रवर्गासाठी, यंदा काय चालू आहे. फॉर्म ऑनलाईन असतो आणि त्यासाठी एजंट लागत नाही. महिला बचत गटाच्या सदस्य, मग एक ते दोन हेक्टरवाले अल्पभूधारक, मग रोजगार केंद्रात नाव नोंदलेले बेरोजगार असा प्राधान्यक्रम असतो, तुम्ही बचत गटात नसाल तर गावातल्या उमेदच्या (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटात आधी नाव घाला. आणि हे विचारायला पुण्याला यायची गरज नाही. मी औंधला राहतो, पशुसंवर्धन आयुक्तालय इथंच आहे, पहाटेच्या एसटीने फाईल घेऊन लांबून आलेली माणसं मी पुष्कळ बघितलीत, त्यांना शेवटी तालुक्यालाच जा असं सांगावं लागतं, एक दिवस आणि एक धार बुडते.

आता त्या पाच रुपयांकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीय. ११ जानेवारी ते १० मार्च २०२४ लिटरला ५ रुपये होते, डेअरीने ३.५ फॅट ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) दुधाला कमीत कमी २७ रुपये द्यायचे ही अट. मग १ जुलैपासून ३० रुपये भाव आणि ५ अनुदान, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला २८ भाव आणि ७ अनुदान. तुमचं तेव्हाही २४ लिटर जात असेल असं धरलं तर पहिल्या साठ दिवसांचे ७,२००, जुलै ते सप्टेंबरचे ११,०४०, शेवटच्या दोन महिन्यांचे १०,२४८. बेरीज २८ हजार ४८८. तुमच्या सावकाराच्या जवळपास निम्म्या रकमेएवढं!

हे पैसे का आले नाहीत? पैसे डेअरीच्या हातात येत नव्हते, थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात येत होते, आणि त्यासाठी तीन गोष्टी एकमेकांना जुळाव्या लागत होत्या: आधार, आधार जोडलेलं बँक खातं आणि गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर. यातलं एक जरी चुकलं तरी नाव बाहेर. तुमच्याकडे काय झालं असेल ते घरी बसून ओळखता येणार नाही पण मला जे नेहमी दिसतं ते सांगतो. बिल्ला मारलेलाच नसतो. नाहीतर गाय विकत घेतलेली असते आणि नंबर अजून जुन्या मालकाच्या नावावर असतो. नाहीतर बिल्ला गोठ्याच्या तारेत अडकून तुटलेला असतो आणि कोणी परत मारून घेतलेला नसतो. किंवा सासऱ्यांचं खातं जिल्हा बँकेतलं जुनं, आधार जोडलेलं नाही. तेव्हा या आठवड्यात एवढं करा: वहीच्या एका पानावर तिन्ही गाईंचे नंबर लिहून घ्या, जनावरांच्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना भारत पशुधनवर (जनावरांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत) बघायला सांगा की हे नंबर कोणाच्या नावावर दिसतात. चुकीचं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. मागचे पैसे आता मिळतीलच असं मी म्हणत नाही, डेअरीकडे लेखी अर्ज देऊन आमची माहिती भरली होती का ते मात्र जरूर विचारा. पण पुढच्या वेळी असं अनुदान येईल तेव्हा कागद तयार पाहिजे. तसंही १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावर विकता येत नाही, त्यामुळे हे काम टाळण्यात काही अर्थ नाही. बिल्ला मारायला घाबरू नका, गाईचे कान नासतात, दूध कमी होतं वगैरे जे गावात बोलतात ते खरं नाही, मी आयुष्यात हजारो बिल्ले मारलेत. माश्यांच्या दिवसात जखमेला मलम लावत राहायचं एवढंच.

आणि नंबर दुरुस्त करायला जाताय तर एक गाय तुमच्या नावावर नोंदवा. हे मी मुद्दाम लिहितोय. तुम्ही धार काढता, तुम्ही वैरण आणता, आणि कागदावर तुम्ही कुठेच नाही. सासऱ्यांना दुखवायचं नाही हे मला समजतं, पण त्यांच्याशी बोलताना अधिकाराची भाषा नको, कामाची भाषा बोला. म्हणा, दादा, डेअरीचं तुमचं खातं आहे तसंच राहू दे, फक्त एका गाईचं दूध डेअरीत माझ्या नावाच्या कोडवर (खाते नंबरवर) घालते, म्हणजे बायकांसाठीच्या योजनेत मला अर्ज करता येईल. जो माणूस दहा लाखाच्या कर्जाला नको म्हणतो त्याला हे कळेल असं मला वाटतं.

कारण आता जे सांगणार आहे ते तुमच्या नावावर सगळ्यात सोपं आहे. किसान क्रेडिट कार्ड फक्त पिकालाच मिळतं असं अजून बरेच जण समजतात. २०१९ पासून ते दूध व्यवसायालाही मिळतं, आणि त्यासाठी सातबारा तुमच्या नावावर असायलाच पाहिजे असं नाही, गोठा स्वतःचा असो की भाड्याचा, जनावरं पाळणारी व्यक्ती पात्र आहे, बचत गटही पात्र आहे. दोन लाखापर्यंत व्याज ७ टक्के, वेळेत भरलं की ३ टक्क्यांची सूट, म्हणजे हातात ४ टक्के पडतं. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखापर्यंत तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आता तुमचे ६० हजार शेकडा दोनने म्हणजे महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये फक्त व्याज. तेच ६० हजार ४ टक्क्यांनी वर्षाला २,४००. बारा हजाराचा फरक, आणि हा फरक कुठल्याही सबसिडीशिवाय, कुठल्याही लॉटरीशिवाय दरवर्षी तुमच्या घरात राहतो. पण एक नीट समजून घ्या, हे पैसे गाय घ्यायला नसतात आणि सावकाराचं जुनं फेडायलाही नसतात, हे खाद्य, वैरण, औषध, मजुरी, वीज यासाठी असतात. म्हणजे यंदा पेंड उधारीवर न उचलता कार्डावरून रोखीने घ्यायची, मका स्वस्त असतो तेव्हा त्याचा मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा) करून ठेवायचा, आणि दुधाच्या पगारातले जे चार हजार कापले जातात त्यातले काही कार्डात भरायचे, काही सावकाराला. वर्षातून एकदा खातं पूर्ण भरून फिरवायचं, ती तारीख चुकली की ३ टक्क्यांची सूट गेली, मोबाईलमध्ये आधीच लावून ठेवा. बँकेत जाताना आधार, पासबुक, गाईंचे बिल्ला नंबर, डॉक्टरांचा जनावरं असल्याचा दाखला आणि डेअरीचा सहा महिन्यांचा दूध पगाराचा उतारा घ्या. मॅनेजर म्हणेल आमच्याकडे दुधासाठीचं कार्ड होत नाही, तर भांडू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच घेतली की पुष्कळदा होतं.

विम्याचं थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून शेतकऱ्याने हप्त्याच्या फक्त १५ टक्के भरायचेत, बाकी केंद्र आणि राज्य भरतं. समजा एका गाईचा हप्ता ३ हजार आला तर तुमचे ४५०. दवाखान्यात विचारा सध्या चालू आहे का, चालू असेल त्या दिवशी भरा. गाय गेली तर बिल्ल्यासकट फोटो आणि डॉक्टरांचं शवविच्छेदन, या दोन गोष्टींशिवाय क्लेम होत नाही, म्हणून लगेच पुरून टाकू नका. वीज पडून किंवा पुरात दुभती गाय गेली तर सरकारची मदत ३७,५०० असते, त्याला तलाठ्याचा पंचनामा लागतो. २०२२ ला लम्पीत गाय गेल्यावर ३० हजार मिळत होते, तेव्हाही ज्यांनी डॉक्टरला न बोलवता गाय पुरली त्यांना काही मिळालं नाही.

लाळ्या खुरकूतची लस वर्षातून दोनदा मोफत असते, पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची असते, आणि कालवडीला चार ते आठ महिन्यांची असताना ब्रुसेलाची एकदा. दूध कमी होतं म्हणून लस टाळू नका, दोन-तीन दिवस कमी होतं आणि परत येतं. रात्री-अपरात्री काही झालं तर गावातल्या कोणाच्या हातून सुई मारून घेण्याआधी १९६२ ला फोन लावून बघा.

गोठ्याचं तुम्ही विचारलं नाहीत पण विचारा. रोजगार हमीतून गोठ्याला पैसे मिळतात, फेब्रुवारी २०२१ च्या जीआरमध्ये दोन ते सहा जनावरांना ७७,१८८ रुपये धरले होते. ग्रामसेवकाला सध्याचा आकडा आणि नियम विचारा, ग्रामसभेच्या यादीत नाव लागतं, जॉब कार्ड लागतं. काम आधी आणि पैसे टप्प्याटप्प्याने नंतर असं असतं, तेव्हा उसने काढून घाई करू नका. कडबाकुट्टी यंत्रासाठी जिल्हा परिषदेच्या सेस फंडात (स्वतःच्या निधीत) आणि महाडीबीटी या सरकारी साईटवर बघा.

मिस्टरांना गाई वाढवायच्याच असतील तर त्यांचा उत्साह मारू नका, त्याला दिशा द्या. दवाखान्यात लिंगनिश्चित वीर्यमात्रा विचारा, सरकारकडून सवलतीत मिळते आणि दहापैकी नऊ वेळा कालवड होते. आज दोन गाई भरवल्या तर नऊ महिन्यांनी कालवडी आणि त्यापुढे सव्वादोन-अडीच वर्षांनी त्या विणार, म्हणजे तीन-सव्वातीन वर्षांत घरच्या दोन गाई, तुमच्याच गोठ्यात वाढलेल्या, आईचं दूध किती हे माहीत असलेल्या. बाजारातून एक लाखाला आणलेल्या गाईची ही खात्री कोणी देत नाही. तोवर नोकरी चालू ठेवा. वर्षभर वही लिहा, गाईवार दूध, खाद्य, औषध, माज कधी आला, कधी भरवली. वर्षाने त्या वहीत गाई नफ्यात दिसल्या तर दोन गाईंसाठी बँकेत जा. तुम्ही मराठा समाजातले असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाकडून कर्जाचं व्याज परत मिळतं, १५ लाखापर्यंतच्या कर्जाला आणि १२ टक्क्यांपर्यंत, पण त्यांचं पात्रता पत्र आधी काढायचं आणि कर्ज नंतर घ्यायचं, उलटं केलं की अडकतं. आणि प्रत्येक हप्ता आपण वेळेवर भरला तरच ते व्याज परत येतं.

आता ती गाभण गाय. सात महिने झालेत आणि तुम्ही अजून पिळताय, हे आजपासून थांबवायला लागा ताई. विण्याआधी दोन महिने तिला आटवायलाच पाहिजे. ते चार लिटर म्हणजे दिवसाला सव्वाशे रुपये दिसतात पण कासेला विश्रांती नाही मिळाली तर पुढच्या वेताला रोजचं दूध कमी भरेल, वासरू अशक्त होईल. दोन-तीन दिवस पेंड कमी करा, धार एक वेळ करा, मग बंद करा आणि शेवटच्या धारेनंतर डॉक्टरांकडून सडात भाकडकाळाची ट्यूब सोडून घ्या. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चालू ठेवा, शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र कोणतं द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच, कारण तेव्हा जास्त कॅल्शियम घातलं की व्यायल्यावर गाय बसते. विताना रात्र झाली तर सासऱ्यांना उठवा, त्यांचा हात तुमच्यापेक्षा जुना आहे. आणि कालवड झाली तर तिला बिल्ला मारायला येतील तेव्हा मालकाच्या रकान्यात तुमचं नाव सांगा.